दोघांना नापास करा, बाई

आमच्या शाळेत प्रवेशाची अट एकच होती. मूल नापास झालेलं हवं. एकदा झालेलं चालायचं, दोनदा झालेलं असेल तर आधी घ्यायचो. पास झालेल्या मुलाला घ्यायची आम्हाला परवानगीच नव्हती. आमच्याइतकी पारखून मुलं घेणारी शाळा तालुक्यात दुसरी नाही, असं मी घरी सांगायचे. माझे यजमान म्हणायचे, "हे माझ्या ऑफिसात कुणाला सांगू नकोस."

गाव जळगावहून धुळ्याला जाताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून भेटतात आणि अजून मला 'नापासबाई' म्हणतात. बाजारात मला येताना बघून भाजीवाली शेजारणीला सांगायची, "सरक, नापासबाई उन्यात." त्यात अपमान नव्हता. कुणी पोस्टातली बाई असते, कुणी दवाखान्यातली. मी नापासातली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पालिकेच्या मोठ्या शाळेत पाचवी-सहावीत बसून राहिलेल्या मुलांची संख्या इतकी झाली, की नव्यांना जागा उरेना. शेवटच्या बाकांवरच्या काहींना मिसरूड फुटलं होतं. मग कुणीतरी ठरवलं, की यांची शाळाच वेगळी काढू. त्यांना एक वर्ष निराळं शिकवायचं आणि सहावीच्या परीक्षेत पास झाले की परत मोठ्या शाळेत सातवीला पाठवायचं. शिक्षकांपैकी कुणीच जायला तयार नव्हतं. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज मोठा आहे आणि तिथल्या भिंती दगडी आहेत." माझ्या नेमणुकीमागचं दुसरं कारण मला आजवर कळलेलं नाही.

भिंती दगडी होत्या, कारण ती इमारत म्हणजे पूर्वीचा कोंडवाडा. लोकांच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं जिथं आणून कोंडतात, ती जागा. मधे मोठं अंगण, एका बाजूला पत्र्याची लांब पडवी, पडवीत दगडी गव्हाणी. वर्ग भरायचा तो त्या पडवीतच. कोंडवाडा गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवला होता, पण ते गावाला नीटसं कळवलं नव्हतं. बाहेर 'विशेष मार्गदर्शन शाळा' अशी पाटी लागली. पेंटरनं 'मार्गदर्शन'चे दोन्ही रफार खाल्ले होते. पाटीवर 'मागदशन' असं होतं. पेंटर बहुधा आमच्यातलाच असावा.

इमारतीबरोबर आम्हाला शिपाईही मिळाला, कौतिकभाऊ. ते आधी कोंडवाड्याचे राखणदार होते. त्यांची बदली करायची राहून गेली, म्हणून ते शाळेचे शिपाई झाले. सकाळी मुलं आत येताना ते दारात उभे राहून प्रत्येकाच्या पाठीवर हलकी थाप मारून मोजायचे. मी म्हटलं, "कौतिकभाऊ, ही मुलं आहेत." ते म्हणाले, "हो ना बाई. म्हनीसन तं हलका हातनं मारस."

आता या धंद्याबद्दल थोडं सांगते. सहावीत नापास झालेलं मूल सहावीत अडलेलं नसतं. ते तिसरीत कधीतरी अडलेलं असतं आणि पुढची तीन वर्षं मान हलवत वर चढलेलं असतं. 'समजलं का?' विचारलं की ते 'हो' म्हणतं, कारण 'नाही' म्हटलं तर मास्तर तेच पुन्हा जास्त मोठ्यानं सांगतात. म्हणून पहिला महिना मी पुस्तक उघडायचेच नाही. नुसती बोलायचे आणि कोण कुठल्या पायरीवर थांबलंय ते बघायचे. कुणी हातच्यावर थांबलेलं असायचं, कुणी जोडाक्षरावर. एक मुलगी 'ऋ'वर थांबली होती आणि त्या एका अक्षराच्या भीतीनं तिनं पुढचं सगळं वाचणंच सोडून दिलं होतं. पायरी सापडली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे चिकाटी आणि थोडं नाटक. मुलं माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा प्रयत्न करायची. आपसात मात्र अहिराणी.

शाळेच्या दुसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ दोन मुलांना घेऊन आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. जवळच्याच खेड्यातले मोठे शेतकरी. त्यांना सगळे आबा म्हणत. बरोबरचे दोघं त्यांचे नातू, सख्खे चुलतभाऊ. थोरल्या मुलाचा राजधर, धाकट्याचा युवराज. दोघं एकाच महिन्यात जन्मलेले, एकाच ताग्याच्या कापडाचे सदरे घातलेले आणि दोघंही सहावीत दोनदा नापास.

राजधर पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. गोल चेहरा, कायम हसरा. गणित चुकलं की स्वतःच आधी हसायचा. नापास झाल्याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख व्हायला आधी थोडी आशा लागते, ती कुणी त्याला दिलीच नव्हती. युवराज गप्प असायचा. सडपातळ, मान खाली. तो कायम राजधरच्या शेजारी बसायचा आणि मधूनमधून त्याच्या पाटीकडे बघायचा.

मी मनाशी म्हटलं, हा कॉपी करतोय. आणि तो खरंच कॉपी करत होता. एका चाचणीत राजधरनं सात आठे चोपन्न लिहिलं होतं. युवराजच्या कागदावर आधी छप्पन्न लिहिलेलं होतं. मग ते खोडून चोपन्न केलं होतं. पुढच्या गणितातही तेच. बरोबर उत्तर खोडलेलं, वर राजधरचं चुकीचं उत्तर. ढ मुलानं हुशाराची कॉपी केलेली मी पुष्कळ पकडली होती. उलटं मी प्रथमच पाहत होते, आणि त्याला काय शिक्षा करतात हे मला माहीत नव्हतं.

सुटी झाल्यावर मी युवराजला थांबवलं. "सात आठे किती?"

तो दप्तराचा बंद सोडून परत बांधू लागला.

"छप्पन्न लिहून का खोडलंस?"

तो म्हणाला, "दोघांचे मार्क सारखे पाहिजेत, बाई. नाही तर घरात भांडण होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा सहावीत होते तेव्हा युवराज चांगल्या गुणांनी पास झाला होता आणि राजधर नापास. निकालाच्या त्याच आठवड्यात घरात दोन्ही सुनांचं कडाक्याचं भांडण झालं. बोलणं बंद, चूल वेगळी मांडायची भाषा. आबा घाबरले. ते मोठ्या सरांकडे गेले आणि धाकट्या नातवालाही नापास करा म्हणाले. आबांचा शब्द मोडायची पद्धत त्या भागात नव्हती. युवराज सहावीतच राहिला. दुसऱ्या वर्षी त्यानं कुणाला त्रास दिला नाही. कोरा पेपर देऊन आला.

"राजधरला हे माहीत आहे?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. "त्याला वाटतं मलाही येत नाही. त्याला सांगू नका, बाई. तो मला रोज धीर देतो."

धीर देतो हे खरं होतं. मी स्वतः ऐकलं होतं. चाचणीच्या आधी राजधर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "भ्याऊ नको. आपण दोन्ही संगेच शेतस." दोघं बरोबरच आहोत, असं.

पुढच्या रविवारी मी एसटीनं त्यांच्या खेड्यात गेले. आबांनी ओसरीवर घोंगडी टाकून बसवलं. मी बोलायला सुरुवात करणार, तोच जेवायला चला म्हणाले. पाटावर बसले तर थोरल्या सुनेनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. लगेच धाकटीनं येऊन दुसरी वाढली. थोरलीनं भरीत वाढलं, धाकटीनं त्याच्याशेजारी तितकंच भरीत वाढलं. ठेचा दोनदा, शेवेची भाजी दोनदा. मी एकीला नको म्हटलं तर दुसरी माझ्याकडे बघत उभी राहायची. त्या घरात समानता अशी होती. ती मला गिळावी लागली. हात धुवायला उठले तेव्हा दोन तांबे पुढे आले.

ओसरीवर परत आल्यावर मी म्हटलं, "आबा, युवराज हुशार आहे."

"माले माहीत शे."

"मग त्याला का मागे ठेवायचं?"

आबांनी काठीच्या मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, एक पोर्‍या पास अनी एक नापास, तं घर फुटस." त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं असंच फुटलं होतं. कारण काय झालं होतं ते आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण अंगणातली मधली भिंत अजून उभी होती. त्यांनी ती मला दाखवली. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. "त्यो मन्हा भाऊ," आबा म्हणाले.

निघताना त्यांनी निर्णय सांगितला. हे शेवटचं वर्ष. दोघं पास झाले तर दोघं सातवीत. एक जरी राहिला तर दोघांनाही शाळेतून काढून शेतात घालायचं. दोन वर्षं बसून राहणारी पोरं आणि फुकट झिजणारं दप्तर, हे आता पुरे.

म्हणजे युवराजचं शिक्षण राजधरच्या हातात होतं आणि राजधरला ते ठाऊक नव्हतं. मी राजधरची पायरी शोधायला लागले. तिसरीत त्याला मुदतीचा ताप आला होता. त्या वेळी चुकला तो भागाकार आणि निम्मी जोडाक्षरं. जोडाक्षरांसाठी मी त्याला एसटी स्टँडवरच्या पाट्या वाचायला लावल्या. भागाकाराला मात्र तो हलेना. मी सोपं करून सांगायला गेले, "भागाकार म्हणजे वाटणी. समज, दोन भावांत बारा एकर." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बाई, आमच्या घरात हा शब्द बोलत नाहीत." मग मी बारा पेरू घेतले. तरी त्याला त्यात रस येईना. बारा पेरू समोर असताना ते मोजत कशाला बसायचं, असं त्याचं म्हणणं. दिवाळी गेली, संक्रांत आली, राजधर तसाच आनंदात होता.

अशात जळगावहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. शाळा चालू ठेवायची की बंद करायची, ते त्यांच्या मतावर ठरणार होतं. मी अंगणात सडा घालून घेतला. कौतिकभाऊंनी टोपीला इस्त्री केली. मुलांना सांगितलं, येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, उगाच 'हो' म्हणू नका.

साहेब आले. उंचेपुरे, सफारी घातलेले, बुटांना चकाकी. त्यांनी फळ्याजवळ उभं राहून विचारलं, "एक नळ टाकी सहा तासांत भरतो. दुसरा तीन तासांत भरतो. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?"

एकानं हात वर केला. साहेब खूश झाले. तो मुलगा म्हणाला, "येत नाही." मग एकामागून एक सगळ्यांनी हात वर केले आणि येत नाही म्हणाले. मी शिकवलेलं इतकं पक्कं कधीच बसलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक तापलेला शेतकरी शिरला. मागे दोरीला एक दांडगी म्हैस. "मन्ही बठ्ठी मेथी खाई टाकी," तो कौतिकभाऊंना म्हणाला. "हिले कोंडा अनी माले पावती द्या." कोंडवाडा हलवलाय हे त्याला पटवायला कौतिकभाऊ पुढे झाले, पण म्हशीला जागा ओळखीची असावी. ती दोरीला हिसडा देऊन सरळ पडवीत, आपल्या जुन्या गव्हाणीकडे निघाली. त्या गव्हाणीपाशी साहेब उभे होते. साहेब गव्हाणीवर चढले. माणूस घाबरल्यावर काय काय करतो ते मी पाहिलंय, पण साहेबांनी आपला आब सोडला नाही. पाय वर घेऊन, हातात खडू धरून, ते तिथूनच म्हणाले, "हं, टाकीचं काय झालं?"

युवराजनं पळत जाऊन म्हशीची दोरी धरली होती. तो तिला थोपटत, तोंडानं हुर्रर्र करत मागे रेटत होता. त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे. त्याच तंद्रीत तो म्हणाला, "दोन तास."

साहेबांनी वरूनच त्याच्याकडे पाहिलं. "आणि टाकी गळकी असेल तर? गळतीनं भरलेली टाकी सहा तासांत रिकामी होते."

"मग तीन," युवराज म्हणाला आणि म्हशीला म्हणाला, "चाल, मागे सरक."

साहेबांनी अजून दोन गणितं घातली. एक व्याजाचं आणि एक आगगाडी आणि पुलाचं. युवराजनं दोरी न सोडता दोन्ही सोडवली. म्हैस फाटकाबाहेर गेल्यावर त्याला भान आलं. त्यानं मागे वळून पाहिलं. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. राजधरही.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'शाळेचे वातावरण नैसर्गिक असून विद्यार्थ्यांची प्रगती आश्चर्यकारक आहे.' शाळा वाचली. पण त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला नाही.

साहेब गेल्यावर राजधर युवराजसमोर उभा राहिला. "तुले येत व्हतं?"

युवराज खाली बघत राहिला.

"बठ्ठं येत व्हतं? टाकी बी, आगगाडी बी?"

राजधर जागेवर गेला, दप्तर उचललं आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्या मुलाला रागावलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याला राग धरायचीही सवय नव्हती, त्यामुळे त्याला तो नीट जमत नव्हता. डबा खाताना सवयीनं अर्धी भाकरी मोडून शेजारी सरकवायचा, मग शेजारी युवराज नाही हे बघून परत घ्यायचा. शाळा सुटल्यावर एसटीकडे जाताना दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालायचे. एसटीची वाट बघताना एक झाडाखाली, एक उन्हात.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी दार उघडायच्या आत राजधर पायरीवर बसलेला. "बाई," तो म्हणाला, "माझ्यामुळे तो नापास होतोय ना?"

मी 'हो' म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मग मला भागाकार शिकवा."

पुढचे दोन महिने मला आठवतात ते माझ्या धंद्यातले सर्वात चांगले दिवस म्हणून. जे मूल पेरूंना बधलं नव्हतं ते आता सुटीतही उठेना. शिकवायचं काम मी केलं थोडं, युवराजनं जास्त. त्यांचं बोलणं सुरू झालं ते भागाकारातच. "वरचा आकडा खाली घे." "घेतला." "आता?" "आता तू गप्प बस, मी बघतो." राजधर चुकला की आता हसत नसे. पाटी पुसून पुन्हा मांडायचा. कौतिकभाऊंनी मला विचारलं, "बाई, हाऊ पोर्‍या आजारी शे का?"

परीक्षा आमच्याकडे होत नसे. आम्हीच पेपर काढून आम्हीच पास करू, अशी भीती असावी. मुलं मोठ्या शाळेत बसायची आणि पेपर तिथलेच मास्तर तपासायचे. परीक्षेच्या दिवशी मी मुलांना घेऊन गेले तर बैठक व्यवस्थेत राजधर एका खोलीत आणि युवराज दुसरीत. युवराजचा चेहरा उतरला. आता शेजारी बघता येणार नव्हतं. राजधर किती लिहील हे त्याला कळणार नव्हतं. राजधरनं त्याच्या पाठीत धपका घातला. "तू तुझं लिही. मी माझं बघतो." आणि मागे न बघता खोलीत गेला.

निकाल घेऊन मी मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिले. आधी राजधरचं नाव शोधलं. पास. गणितात अडतीस. मी खांबाला टेकले. मग सहज म्हणून युवराजचं बघितलं. नापास. गणितात तेहतीस. उरलेल्या विषयांत बरोबर पस्तीस, पस्तीस, पस्तीस.

मी त्याला घरी बोलावून विचारलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं, राजधर पास होईल पण काठावरच होईल, असा त्याचा अंदाज होता. त्याच्यापेक्षा फार जास्त पडले तर पुन्हा घरात तेच होणार. म्हणून त्यानं प्रत्येक पेपरात पस्तीस गुणांचं तेवढं मोजून लिहिलं आणि बाकी सोडून दिलं. गणिताच्या मास्तरांनी अक्षरासाठी दोन गुण कापले. पस्तीसला धरलेला नेम तेहतीसवर पडला. इतकं बिनचूक नापास झालेलं मूल माझ्या हाताखालून पुन्हा गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा दारात. बरोबर दोन्ही सुना आणि दोन्ही नातू. सगळे घामाघूम. मी पाणी दिलं. आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, एक इनंती शे. राजधरले बी नापास करा. दोन्हीसले नापास करी टाका. मंग दोन्ही संगेच शेतमा जातीन."

मी काही बोलायच्या आत थोरली सून पुढे झाली. सासऱ्यासमोर तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "मन्हा पोर्‍या पहिल्यांदाव पास व्हयना. त्याले कोनी हात लावानं नही."

आबांनी मान हलवली, हेच होणार होतं अशी. मग ते धाकटीकडे एक नजर टाकून मला म्हणाले, "दखा बाई, लागनं भांडन." पण धाकटी जाऊबाईच्याच बाजूला जाऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "ताई बरोबर सांगस. पास व्हयना तो पास व्हयना. मन्हा नापास व्हयना तवय कोनी भांडनं का?"

"तवय तुम्ही दोन्ही भांडन्यात," आबा म्हणाले. "चुल्हा न्यारा करत व्हत्यात. पोर्‍यासना निकालवरथीन."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. थोरलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठवायला थोडा वेळ गेला.

"निकालवर नव्हतं, आबा," ती म्हणाली. "ते लोणचानी बरनीवर व्हतं."

कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी फुटली होती. कुणी फोडली यावरून जुंपली होती. मुलांचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता इतकंच. आबांनी ओसरीवरून आवाज ऐकले, निकाल ऐकला, दोन्हींची सांगड घातली आणि कुणालाच न विचारता घर वाचवायला निघाले. बरणी शेवटी मांजरानं फोडली असं ठरून दोघी चार दिवसांत बोलायलाही लागल्या होत्या. युवराज नापास कसा झाला हे धाकटीला कधी कळलंच नव्हतं. तिला वाटलं, झाला असेल नापास. पोरं होतातच.

ती आता हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही त्याले नापास कराले सांगं व्हतं?"

युवराज आईच्या पदराशी उभा होता, तो बरणीचं ऐकून तोंड उघडं टाकून बघत राहिला. दोन वर्षं. आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि त्या टोपीकडेच बघत बसले. मोठा मानाचा माणूस. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. मग राजधरला काय वाटलं कोण जाणे, तो आबांच्या शेजारी जाऊन बसला आणि जसा युवराजला द्यायचा तसाच त्यांच्या खांद्यावर हात टाकून धीर देऊ लागला. "जाऊ द्या, आबा. व्हस कधी कधी."

पहिल्यांदा थोरली हसली. मग धाकटी. मीही हसले, पण चहा करायला आत गेल्यावर.

एका विषयात राहिलेल्यांना जूनमधे पुन्हा बसता येत असे. आबा स्वतः युवराजला घेऊन मोठ्या शाळेत आले आणि पेपर संपेपर्यंत फाटकाशी बसले. या वेळी युवराजनं मोजलं नाही. गणितात त्याला इतके गुण पडले, की पेपर तपासणाऱ्या मास्तरांनी मला बोलावून विचारलं, "बाई, हा तुमच्याकडचा ना? मग यानं कॉपी कुणाची केली?" मी म्हटलं, "त्या खोलीत तो एकटाच होता, सर." सर म्हणाले, "तेच तर मला कळत नाही."

आमची शाळा पुढे आणखी काही वर्षं चालली. मूल पास झालं की आमच्याकडून जायचं, त्यामुळे आमची चांगली मुलं आम्हाला कधी मिरवता आली नाहीत. गॅदरिंगला बक्षीस द्यायला कुणी उरायचंच नाही. नव्वदच्या दशकात धोरण बदललं, शाळा बंद झाली, मी साध्या शाळेत परत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. साध्या शाळेत मुलं हुशार होती. मला तिथं जरा करमलं नाही, हे लिहायला हरकत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या जुलैमधलं. मोठ्या शाळेत काही कागद द्यायला गेले होते. शाळा सुटली होती. फाटकाशी युवराज एकटाच उभा. नवा सदरा, या वेळी त्याच्या एकट्याचा, निळ्या रेघांचा.

"राजधर कुठाय?"

"तो ब तुकडीत आहे. मी अ." त्यानं मैदानाकडे बोट दाखवलं. मैदानात कबड्डी चालली होती आणि राजधर पंधरा-वीस पोरांच्या मधे, पायजमा वर खोचून, मोठ्यानं काहीतरी सांगत होता. पोरं हसत होती. महिन्याभरात त्यानं सगळी शाळा आपली करून घेतली होती. युवराजला मात्र कुणी ओळखत असावं असं वाटत नव्हतं. इतके दिवस मी समजत होते की तो राजधरसाठी मागे राहत होता. फाटकाशी त्याला तसं उभं पाहिलं, तेव्हा मला वाटलं, निम्मं कारण दुसरंच असेल.

"तू खेळायला नाही जात?"

"मला येत नाही, बाई."

"मग उभा का?"

"त्याची वाट बघतोय. आम्ही बरोबर जातो."

"त्याला उशीर होईल असं दिसतंय."

युवराजनं मैदानाकडे बघितलं. राजधर दम धरून पलीकडच्या गटाच्या अंगणात शिरला होता आणि इकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"आज बघतो, बाई," युवराज म्हणाला. "उद्या नाही बघणार."